इंजिन बांधून झालं, आता ट्यूनिंग कुणाकडून? वाचकांचे प्रश्न

यावेळी प्रश्नांचा ढीग बघितला तर निम्म्याहून जास्त पत्रं जुन्या गाड्यांचं इंजिन बांधलेल्या लोकांची निघाली, म्हणून अख्खा कॉलम त्यांनाच देतोय. चेन स्प्रॉकेट आणि टायरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न (सातारा): दादा, माझी ९४ मॉडेल यामाहा आरएक्स १०० आहे, टू स्ट्रोक. इंजिन पूर्ण उघडून बांधलं, ०.५० मिलीमीटरने मोठा म्हणजे ओव्हरसाईज पिस्टन, नवीन कनेक्टिंग रॉड किट, बेअरिंग आणि सील नवीन. मिस्त्रीने थोडं पोर्टिंग (सिलिंडरमधली मिश्रण आणि धुराची भोकं घासून मोठी करणं) पण केलंय आणि कार्बोरेटर एक साईझ मोठा टाकलाय, सायलेन्सर कंपनीचाच आहे. आता प्रॉब्लेम असा की सिग्नलला उभी असताना मधेच रेस आपोआप चढते आणि उतरायला वेळ लावते, आणि फुल थ्रॉटलला अडखळते. मिस्त्री म्हणतो पळव, सेट होईल. मित्र म्हणतो पुण्याला नेऊन डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) टाक, पॉवर किती वाढली तेही कळेल. फायदा होईल का? आणि कुणाकडे न्यायची हे कसं ठरवायचं?

उत्तर: भावा, डायनोची अपॉइंटमेंट घेतली असशील तर आधी कॅन्सल कर. नेऊ नको असं नाही म्हणत, नक्की ने, पण आत्ता नको. रेस आपोआप चढते आणि अडकून राहते हे लक्षण वाचून माझ्या डोक्यात पहिल्यांदा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) येतच नाही, कुठूनतरी जादा हवा ओढतीये असं वाटतं. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद डबा, हा एक पंपच असतो, पिस्टन वर गेला की खाली व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने उघडणारी झडप) आत येतं, मग मॅग्नेट साईडचा सील बसवताना त्याची कड दुमडली असेल किंवा रीड ब्लॉकखालचं पॅकिंग बसलं नसेल किंवा इनटेकचं रबर तडकलेलं असेल तर तिथून हिशोबात नसलेली हवा आत घुसते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि रेस चढते. यावर जगातला कुठलाही ट्यूनर मोठा जेट टाकून ते लपवेल फार तर, बरं करू शकणार नाही. आणि लीन मिश्रणावर टू स्ट्रोक फुल थ्रॉटल ताणली की पिस्टन जाम, नवीन बोअरवर ओरखडे, परत ०.७५ चा पिस्टन. मिस्त्रीला "पळव" म्हणायला काय जातंय.

तर पहिलं काम. गाडी आयडलला ठेवून इनटेकच्या जोडावर, रीड ब्लॉकच्या कडेला कार्ब क्लीनरचा थोडाथोडा फवारा मार (गरम सायलेन्सरवर नको, आग लागेल), रेस बदलली की लीक तिथे. पण सीलचा लीक असा सापडत नाही, त्याला प्रेशर टेस्ट लागते. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने बंद करायचं, पिस्टन खाली ठेवायचा म्हणजे पोर्ट उघडे राहतात, प्लगच्या भोकातून हातपंपाने ६ पीएसआयच्या आसपास हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर लीक आहे, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. फार साधी टेस्ट आहे, सामान किरकोळ आहे, तरी आपल्याकडे इंजिन बांधणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती करतात हे मला कधीच कळलेलं नाही. क्लच साईडचा सील गेला असेल तर लक्षण वेगळं येतं, गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो आणि प्लग सारखा ओला होतो, ते तू लिहिलेलं नाहीस म्हणजे ती बाजू बहुतेक ठीक असावी.

आता पिस्टनचं. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलीमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) पण ५०, म्हणजे ९८ सीसी. ०.५० चा पिस्टन टाकला की होतात १०० सीसी. दोन सीसीसाठी जेट बदलायची गरज पडत नाही, त्यामुळे "ओव्हरसाईज टाकलाय म्हणून ट्यूनिंग लागतंय" असं कुणी म्हटलं तर हसून सोडून दे. तुझ्या केसमध्ये ट्यूनिंग लागणार ते पोर्टिंग आणि मोठ्या कार्बोरेटरमुळे. आणि पोर्टिंग "थोडं" केलंय म्हणजे किती केलंय हे मिस्त्रीला विचार, एक्झॉस्ट पोर्ट किती मिलीमीटर वर उचलला, ट्रान्सफर पोर्टला हात लावला का, कागदावर आकडा माग. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की पॉवर वरच्या आरपीएमला सरकते आणि खालचं ओढणं कमी होतं, त्यात सायलेन्सर कंपनीचाच आहे, तो कंपनीच्या पोर्टच्या हिशोबाने बनवलेला, त्यामुळे दोघांचं जमेलच असं नाही. घासलेलं लोखंड परत येत नाही, फार घासलं असेल तर स्लीव्ह बदलूनच सुटका. आकडा नसेल तर ट्यूनरला अंधारात चाचपडावं लागतं आणि त्या चाचपडण्याचे तासाचे पैसे तू देणार.

लीक निघाला, दुरुस्त झाला, मग गाडी रनिंग-इन कर, म्हणजे नवीन पार्ट एकमेकांवर बसेपर्यंत सांभाळून चालव. पहिले ५०० किलोमीटर म्हणतात लोक, पण किलोमीटरपेक्षा कशी चालवतोस ते महत्त्वाचं. सुरुवातीला गरम करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, परत गरम करायची, असं काही वेळा, मग हळूहळू लोड वाढवत न्यायचा, एकाच स्पीडला हायवेवर तासभर धरून ठेवायची नाही आणि चढावर मोठ्या गिअरमध्ये कुंथवत पण न्यायची नाही. रनिंग-इन न झालेली गाडी डायनोवर घेणारा ट्यूनर भेटला तर मला त्याच्याबद्दल जरा शंका येईल, चांगला माणूस तुला परत पाठवतो.

आता डायनो. दोन प्रकार असतात आणि फोन केल्यावर हाच पहिला प्रश्न विचारायचा. एक इनर्शियाचा, म्हणजे मागचं चाक एका जड ड्रमवर ठेवायचं आणि गाडी फुल थ्रॉटल खेचायची, ड्रम किती वेगाने फिरायला लागला त्यावरून पॉवर काढतात. दुसरा ब्रेकवाला, बहुतेक ठिकाणी एडी करंटचा (चुंबकाने लोड देणारा), तो चाकाला पाहिजे तेवढा लोड देऊन एका आरपीएमला धरून ठेवू शकतो. फुल थ्रॉटलचा ग्राफ हवा असेल तर पहिल्यावर भागतं. पण तू सातारा शहरात गाडी फुल थ्रॉटल किती वेळ चालवतोस? कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल बंद ते साधारण आठवा हिस्सा उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य, त्यापुढे पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडची कापलेली कड, पाव ते पाऊण नीडल आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. रोजचं चालवणं सगळं पायलट आणि नीडलवर असतं, आणि ते नीट लावायला लोड धरून ठेवणारा डायनो लागतो नाहीतर मग रस्त्यावर धीराने काम करणारा माणूस लागतो. मोठा कार्बोरेटर टाकून मेन जेट परफेक्ट आणि पाव थ्रॉटलला घुसमट अशा गाड्या ढिगाने बघितल्यात, ग्राफ मात्र फ्रेम करून लावण्यासारखा.

दुसरा प्रश्न विचारायचा की मिश्रण कशावरून बघता. फोर स्ट्रोकला वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) सायलेन्सरमध्ये लावला की आकडा सरळ मिळतो. टू स्ट्रोकमध्ये मात्र थोडं ताजं मिश्रण न जळता एक्झॉस्टमधून निसटून जातं, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो लीन आहे म्हणून ओरडतो, वर ऑइलने सेन्सर खराब होतो तो वेगळा. त्यामुळे टू स्ट्रोक जाणणारा माणूस आकड्यावर विसंबत नाही, एक्झॉस्टचं टेम्परेचर बघतो, फुल थ्रॉटलला इंजिन बंद करून क्लच दाबून प्लग काढून बघतो, प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा टॉर्चने बघतो, कडेला खडबडीत ठिपके दिसले तर डेटोनेशन (मिश्रणाचा आतल्या आत बेताल स्फोट) होतंय हे ओळखतो. "आमच्याकडे वाइडबँड आहे" एवढंच सांगून जो थांबला तो बहुतेक नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांचा माणूस आहे. वाईट नाही, पण तुझ्या गाडीचा नाही.

तिसरं, आधी रिच (पेट्रोल जास्त) ठेवून खाली येणार का लीनवरून वर जाणार? वरून खालीच यायचं, मोठा जेट लावून सुरुवात, एकेक नंबर कमी करत. आणि इंजिनसमोर मोठा पंखा आहे का ते बघ, आपली एअर कूल्ड गाडी उभ्या जागी खेचतात तेव्हा वारा लागत नाही, दोन खेचण्यांच्या मध्ये थंड होऊ देणारा माणूस पाहिजे.

जाताना तयारी करून जा म्हणजे तिथे तास वाया जात नाही. ऑइल पंप आहे का काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतोस? मिसळत असशील तर जे प्रमाण कायम वापरणार तेच टाकीत हवं, कारण ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि गाडी लीन होते, लोकांना उलट वाटतं. एअर फिल्टर साफ, फिल्टरच्या डब्याचं झाकण लावलेलं, चेन ताणलेली, मागचा ब्रेक अडकत नाहीये, क्लच स्लिप होत नाहीये. नवीन प्लग दोन घेऊन जा, आणि त्या कार्बोरेटरचे मेन जेट खालीवर चार-पाच नंबरचे, पायलट दोन-तीन. ट्यूनरकडे तुझ्याच कार्बोरेटरचे सगळे जेट असतील असं धरून चालू नको.

पॉवर किती वाढेल? कंपनीची आरएक्स १०० म्हणजे ११ हॉर्सपॉवर, पण तो क्रँकचा आकडा, चाकावर मोजलं तर त्याहून कमीच येणार, गिअर आणि चेनमध्ये काही जातंच. म्हणून ९ आले तर रडायचं नाही. शिवाय हवेचं तापमान, दाब यानुसार करेक्शन लावतात आणि ते करेक्शन वेगळं असेल तर आकडाही वेगळा, त्यामुळे तुझा ग्राफ मित्राच्या दुसऱ्या डायनोवरच्या ग्राफला लावून भांडू नका. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर, एवढीच तुलना खरी. पैसे देताना दोन्ही ग्राफ, शेवटी लावलेले जेटचे नंबर, नीडलची क्लिप कुठल्या खाचेत, एअर स्क्रू किती फेरे बाहेर, टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) किती, हे सगळं लिहून घे. तो कागद दिला नाही तर तू फक्त एक शो बघून आलास.

आणि एक, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तुझ्या साताऱ्यात आणि तिथे जेटिंगला जाणवेल एवढा फरक नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे हवा पातळ म्हणून गाडी थोडी रिच, जड वाटेल, घाबरायचं कारण नाही. पण गणपतीपुळ्याला खाली उतरशील तेव्हा उलटं, हवा दाट, मिश्रण लीनकडे झुकतं आणि सपाट रस्ता बघून तुझा हात पण जास्त पिळणार. म्हणून ट्यूनरला सांग की शेवटचा मेन जेट एक नंबर रिच ठेव. अर्धा हॉर्सपॉवर गेला तरी चालेल.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या वडिलांची स्प्लेंडर, मी ऑफिसला वापरते. इंजिनचं काम केलं, पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह. गॅरेजवाला आता "ट्यूनिंगचे" वेगळे पैसे मागतोय, म्हणतो न करता चालवली तर इंजिन परत बसेल. द्यावेत का?

उत्तर: ताई, देऊ नका. सगळं कंपनीच्या मापाचं बसवलंय, पोर्ट, कार्बोरेटर, सायलेन्सर काही बदललं नाही, तर ट्यूनिंग म्हणून जे काय करायचं ते इंजिन बांधण्याच्या कामातच धरलेलं असतं. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) इंजिन पूर्ण थंड असताना सेट केलेत का विचारा, आणि काही शे किलोमीटरनंतर परत बघायला लावा कारण नवीन व्हॉल्व्ह सीटवर बसतात तसा गॅप बदलतो. त्याच वेळी ऑइल पण बदला, पहिल्या ऑइलमध्ये रिंग आणि बोअर घासून निघालेली धातूची पूड असते. कार्बोरेटरचा स्क्रू गाडी गरम करून, सगळ्यात चढी रेस येते तिथे ठेवायचा आणि मग आयडल खाली आणायचं, पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन "बसण्या"ची भीती घालून पैसे काढायची पद्धत फार जुनी आहे.

प्रश्न (नाशिक): नमस्कार. माझ्याकडे १९९० च्या दशकातली कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे. बोअर, पिस्टन, रॉकर, बिग एंड सगळं नवीन केलं. इंजिनचा आवाज छान आहे, पण किक मारताना पाय परत फेकते, आणि दुसरा एक मिस्त्री टायमिंग मागे घेऊन गेला तर आता गरम फार होते, सायलेन्सरचा पाईप निळा पडला. आता सल्ला मिळतोय की पॉइंट (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि डायनोवर ट्यून करा. वय ६२, रेस करायची नाही.

उत्तर: काका, डायनोचे पैसे वाचवा आणि एक दिवस स्वतः खुर्ची टाकून गाडीसमोर बसा. पहिल्या मिस्त्रीने टायमिंग जास्त ॲडव्हान्स (ठिणगी लवकर) ठेवलं म्हणून किकने पाय फेकला, दुसऱ्याने घाबरून जास्त रिटार्ड (ठिणगी उशिरा) केलं म्हणून आता जळण उशिरा होतंय, आग एक्झॉस्टमध्येच निघते आणि पाईप निळा पडतो. दोघांनीही कानाने केलं. बुलेटच्या आवाजाचं कौतुक सगळ्यांना असतं आणि त्या कौतुकात मोजायचं राहून जातं.

क्रम सांभाळा. आधी पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिलीमीटर, फीलर गेजने, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. पॉइंटवर खड्डा पडलेला असेल तर गेज खोटं बोलतं, नवीन पॉइंट टाका, कंडेन्सर पण. गॅप झाल्यावरच टायमिंग, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं, उलट्या क्रमाने केलं की सगळी मेहनत वाया. टायमिंग म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वरच्या टोकाच्या ०.८ मिलीमीटर आधी असताना पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे, ॲडव्हान्सची वजनं आत मिटलेल्या स्थितीत. ०.८ हे प्लगच्या भोकात डायल गेज लावूनच कळतं, स्क्रू ड्रायव्हर घालून अंदाजाने कळत नाही. आणि पॉइंट नेमके कधी उघडले ते बघायला तुमच्या हेडलाईटच्या वरचा ॲम्पिअर मीटर आहेच, चावी ऑन, पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जला जातो, उघडले की झटकन शून्यावर येतो. जुने मिस्त्री पॉइंटमध्ये पातळ कागद धरून तो सुटतो कधी ते बघायचे, तेही चालतं.

मग ॲडव्हान्स युनिट, म्हणजे रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारा भाग. दोन वजनं आणि दोन स्प्रिंग, गंज आणि सुकलेलं ग्रीस यामुळे ते अर्ध्यात अडकलेलं असतं आणि इंजिनला पिस्टनपासून क्रँकपर्यंत सगळं नवीन टाकणाऱ्यांनी ते उघडूनही बघितलेलं नसतं. बोटाने फिरवा, सोडल्यावर स्वतः परत आलं पाहिजे. अडकून ॲडव्हान्सलाच राहत असेल तर किकला पाय फेकणार, टायमिंग बरोबर असलं तरी. इंजिन बांधलंय म्हणून पुशरॉड पण बघा, थंड इंजिन, पिस्टन वर, रॉड बोटाने सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही, पॉइंटची कटकट जाते. पण तेही चुकीच्या टायमिंगला बसवलं तर तितकाच पाय फेकेल. तुमच्या वापराला एवढं मोजून झालं की रस्त्यावर दोन-तीन दिवस चालवा, प्लग बघा, लागलंच तर नीडल एक खाच वर घ्या. यासाठी डायनोवाला नको, डायल गेज असलेला आणि ते वापरायची लाज न वाटणारा मिस्त्री हवा, नाशकात नक्की सापडेल.

प्रश्न (पुणे): माझी पल्सर २२०, कार्बोरेटरवाली. २०१९ मध्ये इंजिन बांधून घेतलं होतं, फ्री फ्लो एक्झॉस्ट आणि फिल्टर बदलून डायनोवर जेटिंग करून घेतलं, शीट अजून आहे. मस्त चालायची. आता गेल्या वर्षभरात ओढायला कमी पडते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट होते, गरम पण जास्त. इंजिन परत उघडायचं का?

उत्तर: शीट जपून ठेवलीस याबद्दल आधी पाठ थोपटून घे. इंजिन उघडू नकोस, निदान लगेच नाही. तुझी शीट ज्या पेट्रोलवर निघाली ते पेट्रोलच आता पंपावर मिळत नाही. २०१८-१९ मध्ये देशात सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळलं जायचं, २०२२ मध्ये ते १० वर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्के झालं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. हिशोब मांडला तर तेव्हाच्या मिश्रणाला साधारण १४.४ आणि आताच्या २० टक्केवाल्याला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला आता सहा टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन पाहिजे आणि तुझा जेट तर तेवढाच आहे. इंजेक्शनवाली गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतः सावरून घेते, कार्बोरेटरला डोकं नसतं. एक्झॉस्ट आणि फिल्टर बदललेल्या गाडीत जेट आधीच काठावर लावलेला असतो, सहा टक्के तिथे चांगलेच जाणवतात.

आधी स्वस्तातलं बघ. इनटेक रबर, एक्झॉस्टचं गॅस्केट (तिथून हवा शिरली तरी फटफट होते), कार्बोरेटरच्या आतले ओ रिंग आणि डायफ्राम, इथेनॉलने जुनं रबर फुगतं नाहीतर कडक होतं. गाडी महिनोन्महिने उभी असते का? इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीत आणि फ्लोट बाऊलमध्ये गंज आणि शेवाळासारखी घाण सापडेल. टॅपेट बघ, कॉम्प्रेशन मोजून घे, सहा वर्षं झालीयेत. हे सगळं ठीक निघालं तर त्याच ट्यूनरकडे जा, आताच्याच पंपाच्या पेट्रोलवर, मेन आणि पायलट दोन्ही एक-दोन नंबर वर जातील बहुधा. कार्बोरेटर सीव्ही प्रकारचा (स्लाइड केबलने नाही, व्हॅक्यूमने उचलणारा) आहे, त्याचा मिश्रणाचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो बाहेर काढला की रिच होतं, आरएक्स किंवा बुलेटच्या एअर स्क्रूच्या बरोबर उलटं, हे सांगतोय कारण यावरून झालेले घोळ बघितलेत.

आणि गेजच्या आकड्याने गोंधळू नकोस. बहुतेक वाइडबँड मीटर आत लॅम्बडा (मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला लागणारी हवा) मोजतात आणि दाखवताना १४.७ ने गुणून दाखवतात. म्हणजे २० टक्के इथेनॉलवर पण मीटरवर १४.७ आलं तर मिश्रण त्या इंधनाच्या हिशोबाने बरोबर आहे, १३.५ दिसायची वाट बघत जेट वाढवत बसला तर गाडी उगाच रिच होईल. फुल थ्रॉटलला मीटरवर १२.५ ते १३ जसं आधी ठेवलं होतं तसंच ठेवायचं, लॅम्बडाचा आकडा दाखवायला सांगितलं तर भांडणच मिटतं.

ॲव्हरेज मात्र आधीसारखं येणार नाही, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते. त्याला ट्यूनर काही करू शकत नाही.

प्रश्न (म्हापसा): राजदूतची यामाहा आरडी ३५०, दोन्ही सिलिंडर बांधून झाले. डाव्या बाजूचा प्लग काळा, उजव्याचा पांढरट. जेट दोन्हीकडे सारखेच.

उत्तर: जेट सारखे असले तरी दोन्ही सिलिंडर सारखे चालतात असं नाही, ही गाडी म्हणजे एका क्रँकवरच्या दोन मोटारसायकली. दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकदम आणि सारख्या उचलतात का ते फिल्टर काढून बोटाने आणि डोळ्याने बघा, केबल एकीकडे ताणलेली असते. दोन्हीकडचे पॉइंट वेगवेगळे, म्हणून टायमिंग पण प्रत्येक सिलिंडरचं वेगळं डायल गेज लावून, एकाचं करून दुसऱ्याचं गृहीत धरायचं नाही. फ्लोटची उंची दोन्हीकडे मोजा. ऑइल पंपाची केबल स्लाइडबरोबर मार्कवर जुळते का ते बघा. एवढं करूनही उजवा पांढरट राहिला तर त्या बाजूला कुठूनतरी जादा हवा ओढली जातेय असा संशय घ्या, वर सातारकराला सांगितलेली प्रेशर टेस्ट तशीच करा. तोपर्यंत ती ताणू नका, या गाडीचे पार्ट आता शोधून आणावे लागतात. सगळं झाल्यावर डायनोवर जरूर न्या, या गाडीला ते शोभतं.

प्रश्न (ठाणे): ट्यूनिंग केलेली जुनी टू स्ट्रोक पीयूसीला पास होईल का? आणि इंजिन बांधलं हे आरटीओला कळवावं लागतं का?

उत्तर: ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं, मर्यादा तशी सैल आहे, नीट ट्यून केलेली आरएक्स त्यात बसते. नापास झाली तर पायलट जेट रिच आहे नाहीतर ऑइल जास्त पडतंय, गाडी चांगली गरम करूनच मशीन लावायला सांगा. मेन जेटचा इथे काही संबंध नाही, तपासणी आयडललाच होते.

आरटीओचं असं की त्याच इंजिनात ओव्हरसाईज पिस्टन, नवीन क्रँक, नवीन बेअरिंग ही दुरुस्ती झाली, ती कळवायला लागत नाही. पण क्रँककेस बदलला तर इंजिन नंबर बदलतो, मग आधी परवानगी आणि आरसीवर नोंद पाहिजेच, नाहीतर विकताना, विमा घेताना आणि फिटनेस रिन्यू करताना अडकाल. मोठ्या गाडीचं इंजिन किंवा सिलिंडर टाकणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, परवानगीशिवाय केलं तर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि रस्त्यावर पोलिसाला तुमचा जेट दिसत नाही, सायलेन्सरचा आवाज लांबून ऐकू येतो, जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतानाचे फोटो तुम्ही पेपरात बघितलेच असतील. कंपनीचा सायलेन्सर घरी माळ्यावर टाकला असेल तर काढून परत लावा आणि ट्यूनिंग त्याच्यावरच करून घ्या.